मोबिलिटी स्कूटर घ्यायची आहे? आधी लिफ्टपासून देवळापर्यंतची वाट मोजा

समजा, तुमची आई ७२ वर्षांची आहे. गुडघे झिजलेत. घरात काठी धरून फिरते, स्वयंपाकघरात उभं राहून चहा करते, लिफ्टपर्यंत जाते. पण सोसायटीच्या गेटबाहेर तिचं जग संपलंय. देऊळ ७०० मीटरवर, भाजीवाला ४०० मीटरवर, भजनी मंडळ पलीकडच्या गल्लीत. रिक्षावाले एवढ्या जवळचं भाडं घेत नाहीत. "मला घेऊन चल" असं रोज म्हणायला तिला जीवावर येतं. मग हळूहळू ती म्हणणंच सोडून देते.

अशा वेळी कुणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवतं. त्यात एक आजोबा छोट्याशा इलेक्ट्रिक गाडीवर बसून मजेत बागेत फिरताना दिसतात. गाडीचं नाव मोबिलिटी स्कूटर. घरात चर्चा होते, ऑनलाइन मॉडेल पाहिली जातात आणि सगळ्यात जास्त किलोमीटर चालणारं किंवा सगळ्यात स्वस्त मॉडेल मागवलं जातं.

ती स्कूटर लिफ्टमध्ये मावत नाही. किंवा गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर पोट टेकून अडकते. महिन्याभरात पार्किंगमध्ये तिच्यावर जुनी चादर पडते आणि आई पुन्हा घरात.

हे टाळता येतं. त्यासाठी स्कूटरच्या आधी आपली रोजची वाट नीट बघायला हवी. कशी, ते समजून घेऊया.

मोबिलिटी स्कूटर म्हणजे नेमकं काय?

नाव स्कूटर असलं तरी ही आपली रस्त्यावरची दुचाकी नव्हे. तीन किंवा चार चाकं, खुर्चीसारखी सीट, पाय ठेवायला सपाट जागा आणि समोर हँडल, अशी ही बॅटरीवर चालणारी गाडी असते. वेग साधारण भरभर चालणाऱ्या माणसाइतका. ज्यांना थोडं चालता येतं, पण लांब चालता येत नाही, अशा लोकांसाठी ती बनवलेली आहे.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात अ‍ॅलन थीम यांनी १९६८ मध्ये 'अमिगो' नावाची अशी गाडी बनवली. त्यांच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीला मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार होता आणि तिचं फिरणं थांबू नये, ही त्यामागची गरज होती.

चालवायची पद्धत सोपी आहे. हँडलवरची पट्टी अंगठ्याने किंवा बोटांनी दाबली की गाडी पुढे जाते. पट्टी सोडली की थांबते आणि ब्रेक आपोआप लागतो. वेग किती असावा, हे एका गोल बटणाने आधीच ठरवून ठेवता येतं.

ही स्कूटर कोणासाठी आहे?

मोबिलिटी स्कूटर चालवण्यासाठी चार गोष्टी जमायला हव्यात. आधाराशिवाय ताठ बसता येणं. हातांनी हँडल वळवता येणं. स्वतःहून सीटवर बसता-उठता येणं. आणि समोरचं दिसून, अंतराचा अंदाज घेऊन वेळेत थांबता येणं.

गुडघ्यांची झीज, दम लागणं, हृदयाचा त्रास, पोलिओनंतर आलेला अशक्तपणा अशा अनेकांना ती चांगली उपयोगी पडते. पक्षाघातामुळे एक हात निकामी झाला असेल, तर एका हाताने जॉयस्टिकवर चालणारी इलेक्ट्रिक व्हीलचेअर जास्त बरी. हात खूप थरथरत असतील, दृष्टी खूप कमी झाली असेल किंवा विसरभोळेपणा वाढून रस्ते चुकायला लागले असतील, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय स्कूटर घेऊ नका. इथे चूक झाली तर धोका फक्त चालवणाऱ्याला नसतो, समोरून येणाऱ्या लहान मुलालाही असतो.

साधी व्हीलचेअर रोज वापरणाऱ्यांसाठी वेगळा पर्यायही आहे. आयआयटी मद्रासमध्ये तयार झालेलं 'निओबोल्ट' व्हीलचेअरला पुढून जोडलं की ती रस्त्यावर चालणारी तीन चाकी गाडी होते. त्यामुळे खुर्चीतून उठून दुसऱ्या गाडीवर बसावं लागत नाही.

टेप घ्या आणि वाट मोजा

आता मुख्य काम. मेजरिंग टेप, वही आणि फोन घ्या. आईला रोज जिथे जायचंय तिथपर्यंत एकदा स्वतः चालत जा. वाटेत प्रत्येक अडचण लिहा. यात सगळ्यात अरुंद, सगळ्यात उंच आणि सगळ्यात उताराची जागा कोणती, ते शोधा. संपूर्ण वाट चांगली असली आणि एकच जागा वाईट असली, तरी स्कूटर त्या एका जागी अडणार.

लिफ्ट: दाराची रुंदी आणि आतली खोली, दोन्ही मोजा. जुन्या इमारतींत जाळीच्या दाराच्या लिफ्ट फारच लहान असतात. छोटी, घडी होणारी स्कूटर साधारण एक मीटर लांब असते. मध्यम स्कूटर १२० सेंटीमीटरच्या आसपास, तर मोठी १४० सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब. लिफ्टमध्ये वळायला जागा नसते, म्हणजे सरळ आत जायचं आणि रिव्हर्स घेत बाहेर यायचं. हे आईला जमेल का, याचाही विचार करा.

पायरी आणि रॅम्प: इमारतीच्या दाराशी एखादी पायरी असतेच. व्हीलचेअरसाठी रॅम्पचं सर्वमान्य प्रमाण १:१२ आहे. म्हणजे १५ सेंटीमीटर उंच पायरीसाठी १८० सेंटीमीटर लांब रॅम्प लागतो. दोन फुटांची फळी टाकून काम भागवायचं म्हटलं, तर तो रॅम्प न राहता घसरगुंडी होते.

उतार: पार्किंगचा उतार मोटारींसाठी केलेला असतो, तो सहसा व्हीलचेअरच्या रॅम्पपेक्षा तीव्र असतो. फोनमधल्या लेव्हल अ‍ॅपने कोन मोजता येतो. फोन थेट जमिनीवर न ठेवता एका सरळ फळीवर ठेवा, म्हणजे आकडा नीट मिळेल. १:१२ म्हणजे जवळपास ५ अंश. लहान स्कूटरची चढण्याची मर्यादा बऱ्याचदा ६ अंशांच्या आसपास असते, मोठ्या स्कूटर ८ ते १० अंशांपर्यंत चढतात. स्कूटरच्या माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असतो.

स्पीडब्रेकर: आपल्याकडच्या वाटेवरचा खरा खलनायक हाच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे गोलाकार स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. म्हणजे हळूच चढ, हळूच उतार. प्रत्यक्षात गल्लीतला स्पीडब्रेकर बऱ्याचदा हातभर रुंदीचा आणि चांगलाच उंच असतो. अशा उंचवट्यावर पुढची चाकं ओलांडून जातात आणि स्कूटरचं पोट मधोमध टेकतं. म्हणून स्कूटरच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, नक्की बघा. लहान स्कूटरमध्ये ती ४ ते ७ सेंटीमीटर एवढीच असू शकते.

फूटपाथ: चढायला-उतरायला उतार आहे का? मध्येच खांब, झाडाचा कट्टा, टपरी आहे का? मुंबईत फूटपाथवर बाईक चढू नयेत म्हणून लावलेल्या खांबांमध्ये व्हीलचेअरही अडते, अशी तक्रार झाल्यावर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. तुमच्या वाटेवर असे खांब असतील, तर दोन खांबांमधलं अंतर मोजा. लहान स्कूटरही ५० सेंटीमीटरच्या आसपास रुंद असते.

ठेवायची जागा आणि प्लग: स्कूटर रात्री कुठे राहणार? तिथे पाऊस येतो का? चार्जिंगचा पॉइंट आहे का? सोसायटीच्या मीटरवरून वीज घेणार असाल, तर कमिटीशी आधीच बोलून परवानगी लेखी घ्या.

मोजमाप झालं की उत्तर बदलतं

आपल्या उदाहरणातल्या आईकडे परत येऊ. समजा लिफ्ट आतून १०५ सेंटीमीटर खोल आहे. देवळाच्या वाटेवर दोन अरुंद आणि उंच स्पीडब्रेकर आहेत. लिफ्टसाठी लहान स्कूटर हवी, स्पीडब्रेकरसाठी मोठी हवी. दोन्ही गरजा एका गाडीत बसत नाहीत.

इथे बरेच जण लहान स्कूटर घेतात, कारण "घरापर्यंत यायला हवी" हे मनात पक्कं असतं. पण आई लिफ्टपर्यंत काठी घेऊन चालू शकते. मग स्कूटर घरापर्यंत यायलाच कशाला हवी? ती खाली पार्किंगमध्ये, लिफ्टच्या दारापासून दहा पावलांवर उभी राहू शकते. आता लिफ्टची अट गेली आणि मध्यम आकाराची, जास्त उंचीची स्कूटर घेता आली.

दुसऱ्या घरात उत्तर उलटं येईल. वाट गुळगुळीत आहे, पण दर महिन्याला मुलीकडे नाशिकला जायचं आणि स्कूटर मोटारीच्या डिकीत टाकायची आहे. तिथे घडीची स्कूटरच हवी. पण मग दुसरा प्रश्न येतो: ती डिकीत उचलून कोण ठेवणार? घडीच्या स्कूटरही साधारण २० ते ३० किलोच्या असतात. गॅसचा भरलेला घरगुती सिलिंडर साधारण तेवढाच जड असतो. बाबा ७५ वर्षांचे असतील, तर ते रोज उचलणार नाहीत. काही मॉडेलचे चार-पाच तुकडे होतात. तिथे सगळ्यात जड तुकडा किती किलोचा आहे, ते विचारा.

तीन चाकं की चार?

तीन चाकी स्कूटर कमी जागेत वळते आणि पाय ठेवायला मोकळी जागा देते. ज्यांचा गुडघा पूर्ण वाकत नाही, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. घरात, मॉलमध्ये, अरुंद बोळात ती बरी पडते. पण वेगात वळताना किंवा एका बाजूला कललेल्या रस्त्यावर ती उलटण्याची शक्यता जास्त.

चार चाकी स्कूटर वळायला जास्त जागा घेते, पण खडबडीत रस्त्यावर जास्त स्थिर राहते. आपल्याकडचे खड्डे आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक बघता, मुख्य वापर बाहेरचा असेल तर चार चाकी जास्त सुरक्षित.

टायरचाही विचार करा. हवेचे टायर धक्के कमी देतात, पण पंक्चर होतात. भरीव टायर पंक्चर होत नाहीत, पण पाठीला धक्के जास्त बसतात. कंबरदुखी असेल तर हा फरक दुसऱ्याच दिवशी कळतो.

"एका चार्जमध्ये २५ किलोमीटर" हे कितपत खरं?

जाहिरातीतला हा आकडा सहसा सपाट रस्ता, नवी बॅटरी आणि फार वजन नसलेला चालक धरून दिलेला असतो. चढ, वजन, सतत थांबणं-निघणं आणि जुनी होत जाणारी बॅटरी यामुळे तो कमी होतो. सोपा हिशेब असा: सांगितलेल्या अंतराचं निम्मं धरा. तेवढ्यात तुमचं रोजचं जाणं-येणं बसतं का, ते बघा. आपल्या आईचं देऊळ ७०० मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन दीड किलोमीटरसुद्धा होत नाही. मग जास्त किलोमीटरच्या बॅटरीसाठी जादा पैसे का मोजायचे? तेच पैसे चांगल्या सीटवर खर्च केलेले बरे.

बॅटरी दोन प्रकारच्या असतात. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी स्वस्त, पण जड. लिथियम बॅटरी हलकी, पण महाग. बदलायची वेळ आली की नवी किती रुपयांना आणि किती दिवसांत मिळेल, हे खरेदीच्या आधीच विचारा.

विमानाने जाणार असाल, तर आणखी एक आकडा महत्त्वाचा. बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार केला की वॉट-अवर मिळतात. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २८८ वॉट-अवर. काढून केबिनमध्ये न्यावी लागणाऱ्या लिथियम बॅटरीसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा ३०० वॉट-अवर आहे. २० अँपिअर-अवरची बॅटरी ४८० वॉट-अवरची होते, ती या मर्यादेत बसत नाही. परदेशातल्या मुलांकडे जाणाऱ्या आई-बाबांनी हे तिकीट काढण्याआधीच तपासावं आणि एअरलाइनला आधी कळवून परवानगी घ्यावी.

दुकानात गेल्यावर काय करून बघायचं?

जी व्यक्ती चालवणार आहे, तिला घेऊन जा. मुलाने चालवून बघून काही कळत नाही.

बसल्यावर पाय पूर्ण टेकतात का? सीट बाजूला वळते का आणि वळवून लॉक होते का? उतरताना हाताचा टेकू वर जातो का? अंगठ्याने पट्टी दहा मिनिटं दाबून धरता येते का? संधिवात असलेल्या बोटांना हेच सगळ्यात कठीण जातं. साडी नेसून बसल्यावर पदर किंवा काठ चाकाजवळ जातो का, हेही बघा. वजनाची मर्यादा बघताना त्यात भाजीची पिशवी धरा आणि वर थोडं अंतर राखा.

मग एक गोष्ट मुद्दाम विचारा: फ्रीव्हील लिव्हर कुठे आहे? हा खटका फिरवला की मोटर सुटी होते आणि बंद पडलेली स्कूटर हाताने ढकलता येते. पण त्या अवस्थेत आपोआप लागणारा ब्रेकही सुटलेला असतो. उतारावर बसून हा खटका फिरवला, तर स्कूटर थेट खाली पळत सुटते. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत हवं.

शक्य असेल तर आठवडाभर भाड्याने घ्या. मोठ्या शहरांत वैद्यकीय साहित्य भाड्याने देणाऱ्या दुकानांत चौकशी करता येते. आपल्याच वाटेवर, आपल्याच स्पीडब्रेकरवर आठवडाभर चालवली, की शंकेला जागा उरत नाही. विकत घेतलीच, तर दुरुस्ती करणारा माणूस घरी येतो की गाडी पाठवावी लागते, हे लिहून घ्या.

लायसन्स लागतं का?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, बॅटरीवरच्या वाहनाच्या मोटरची ३० मिनिटांची पॉवर २५० वॉटपेक्षा कमी असेल, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने ते तपासलं असेल, तर ते मोटार वाहन धरलं जात नाही. पुण्यातली एआरएआय ही अशी एक संस्था आहे. म्हणून विक्रेत्याकडे मोटरची पॉवर आणि चाचणीचं प्रमाणपत्र, दोन्ही मागा. "लायसन्स लागत नाही" हे त्याचं तोंडी आश्वासन पुरेसं नाही.

मागे दोन जादा चाकं लावलेली पेट्रोल किंवा इलेक्ट्रिक स्कूटर ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ती वाहतुकीत चालणारी गाडी आहे. मोटार वाहन कायद्यात अशा गाड्यांसाठी 'अडॅप्टेड व्हेइकल' हा वर्ग आहे आणि त्यासाठी नोंदणी व लायसन्स लागतं. नियम काहीही असले, तरी ताशी सहा-सात किलोमीटरने चालणारी स्कूटर हमरस्त्यावर नेणं धोक्याचंच. मागे लाल दिवा आणि वर उंच झेंडा असेल तर निदान रिक्षावाल्याला दिसते.

सरकारी मदत मिळते का?

केंद्र सरकारच्या एडीआयपी योजनेत तीव्र अपंगत्व असलेल्यांना ठरावीक अटींवर मोटराइज्ड ट्रायसिकलसारखी साधनं मिळतात. कानपूरची एलिम्को ही सरकारी कंपनी अशी साधनं बनवते. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून यूडीआयडी कार्ड नसेल तर आधी त्याचा अर्ज करा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र अशी साधनं दिली जातात. वयामुळे गुडघे दुखतात एवढ्यावर मोबिलिटी स्कूटर घेणाऱ्या बहुतेक घरांना मात्र खर्च स्वतःच करावा लागतो.

स्कूटर घरी आल्यावर

पहिला आठवडा कुणीतरी सोबत चाला. वेगाचं बटण कासवाच्या चित्रावर ठेवा. उंचवट्यावर तिरकं न जाता सरळ जा. उतारावर वळू नका. साचलेल्या पाण्यात घालू नका, कारण मोटर आणि वायरिंग खालीच असतात. पावसाळ्यात स्कूटर बरेच दिवस उभी राहिली, तर लेड-अ‍ॅसिड बॅटरी रिकामी ठेवू नका, अधूनमधून चार्ज करा. लिथियम बॅटरी कंपनीच्याच चार्जरने आणि कुणीतरी जागं असताना चार्ज करा. घराच्या दारात किंवा जिन्यात चार्जिंगला लावू नका, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

आणि हो, "सवय लागली तर चालणं बंद होईल" ही घरच्यांची भीती अगदीच चुकीची नाही. म्हणून स्कूटर लांबच्या अंतरासाठी ठेवा. घरातलं चालणं आणि फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम सुरूच ठेवा.

खरेदीआधी हे नऊ आकडे वहीत हवेत:

१. लिफ्टच्या दाराची रुंदी आणि आतली खोली
२. वाटेवरची सगळ्यात अरुंद जागा
३. सगळ्यात तीव्र उतार किती अंशांचा
४. सगळ्यात उंच स्पीडब्रेकर किंवा पायरी
५. जाऊन-येऊन एकूण अंतर
६. चालवणाऱ्याचं वजन, पिशवीसकट
७. आधाराने किती पावलं चालता येतं
८. उचलावी लागली तर कोण उचलणार आणि किती किलोपर्यंत
९. ठेवायच्या जागेपासून प्लगचं अंतर

ही वही घेऊन दुकानात गेलात, की वीस मॉडेलमधली सतरा आपोआप गळतात. उरलेल्या तिनांतून निवड आईला करू द्या. वाट तुम्ही मोजली असली, तरी त्या वाटेवरून देवळात एकटीने ती जाणार आहे.